सुलट फेरा

माझ्या पायाची गोष्ट मी आजवर पुष्कळदा सांगितली आहे. वर्गात सांगितली, निवृत्तीच्या समारंभात सांगितली, नातवंडांना तर इतक्यांदा सांगितली की मी एखादा शब्द विसरलो तर तीच पुढचं बोलतात. आणि प्रत्येक वेळी ती मी चुकीची सांगितली. खोटी नव्हे, नुसती अपुरी, अशी माझी मी समजूत घालत आलो. ऐंशी ओलांडल्यावर हा फरक मलाच पटेनासा झाला आहे. डाव्या नडगीच्या दोन्ही अंगांना, वर आणि खाली, जुन्या जखमांचे खळगे आहेत. आंघोळीच्या वेळी बोट त्यांच्यावरून जातं, तेव्हा ज्या माणसाचं नाव मी त्या गोष्टीतून गाळलं ते माणूस आठवतं. ते नाव या प्रकरणात घालायचं आहे.

आमची वाडी पोलादपूर आणि कशेडी घाटाच्या मधे, रस्त्यापासून चढणीवर. घाट चढणाऱ्या ट्रकांचा दम लागल्यासारखा आवाज दिवसभर वर यायचा, आणि कुठल्या वळणावर ड्रायव्हर गिअर बदलतो ते आम्हा पोरांना पाठ होतं. घर कौलारू. एका अंगाला गोठा, त्याला लागून पडवी, आत माजघर. पहाटे आई जात्यावर बसायची. नाचणीचा आवाज वेगळा, तांदळाचा वेगळा. अंथरुणात पडल्या पडल्या आज भाकरी कसली ते मला कळायचं. जात्याच्या बाबतीत आईचा एक कडक नेम होता. जातं फिरवायचं ते सुलट, म्हणजे देवाला प्रदक्षिणा घालतात तसं. लहानपणी मी गंमत म्हणून एकदा खुंटा धरून जातं उलटं फिरवलं, तर तिनं माझ्या हातावर पीठ भरलेल्याच हातानं मारलं होतं. उलटा फेरा स्मशानात, मडकं खांद्यावर घेऊन. घरात उलटं काही फिरवलं की घरातलं माणूस जातं, असं ती मानायची. तिची दोन लेकरं माझ्या आधी गेली होती. ती तिला का गेली वाटत होती, हे मला फार उशिरा समजलं.

घरात माणसं मोजकी. बापू, म्हणजे माझे वडील, शेतात आणि गुरांत असायचे. दादा मुंबईला गिरणीत, तो शिमग्याला आणि गणपतीला यायचा. त्याची बायको तारा, माझी वहिनी, आमच्याकडेच होती. ती बिरवाडीकडची. लग्न होऊन आली तेव्हा अठरा-एकोणीस वर्षांची असेल. बोलायला चटपटीत, पण आईसमोर आवाज खाली. मला ती भावजी म्हणायची, आणि मी लहान असूनही अहोजाहो करायची, पण त्यात चेष्टेचा सूर असा असायचा की मान मिळतोय की थट्टा होतेय ते कळू नये. मी लंगडत आलो की म्हणायची, "आले, घोडेस्वार आले."

मी लंगडा कसा झालो ते सांगतो. नऊ वर्षांचा असताना बांधावरून खाली उतरलो, उडीसुद्धा मारली नव्हती, आणि डावा पाय गुडघ्याखाली मोडला. गावातल्या हाड बसवणाऱ्यानं बांबूच्या कामट्या बांधल्या. पाय जुळला, पण वाकडा. दोन पावसाळ्यांनी तो तिथंच पुन्हा मोडला, या वेळी तर उंबरठ्याला ठेचकाळून. हाड बसवणाऱ्या म्हाताऱ्यानं कामट्या बांधल्या आणि बापूंना बाजूला नेऊन म्हणाला, "पोराच्या हाडात बळ नाय. माझ्या हातातलं काम नाय हे." त्याला मी कधी दोष देत नाही. त्यानं वेळेवर हात वर केले म्हणून आम्ही महाडला गेलो.

महाडला तेव्हा मुंबईत शिकून आलेले एक हाडांचे डॉक्टर नुकतेच दवाखाना थाटून बसले होते. उंच, किरकोळ अंगाचे, बोलताना समोरच्याच्या हाताकडे पाहायची सवय. त्यांच्याकडे फोटो काढायचं यंत्र होतं, ते इंजिनावर चालायचं, आणि ते सुरू झालं की सगळा दवाखाना थरथरायचा. फोटो त्यांनी खिडकीला धरला. माझ्या नडगीच्या वरच्या टोकाला, जिथं पांढरं भरीव हाड असायला हवं, तिथं काळसर पोकळी दिसत होती, भोवती अंड्याच्या टरफलाएवढी पातळ भिंत. डॉक्टर म्हणाले, "हाडात पाणी साठलंय. गाठ वाईट नाही, घाबरू नका. पण हाड पोकळ झालं की मोडणारच."

आईनं विचारलं, "पाणी शिरलं कुठनं? लावणीच्या चिखलात उभा राहतो, त्यातनं?"

"नाही बाई. बाहेरून नाही शिरत. आतल्या आतच होतं. का होतं ते आम्हालाही अजून कळलेलं नाही."

डॉक्टरानं कळलेलं नाही म्हणावं याचं आईला फार नवल वाटलं. वाटेत ती बापूंना म्हणाली, "माणूस खरा दिसतोय." त्या एका वाक्यावर माझं ऑपरेशन ठरलं. मुंबईहून डॉक्टरांचे गुरुजी आले. हाडाला खिडकी पाडून त्यांनी आतलं पिवळसर पाणी काढून टाकलं, पोकळीच्या भिंती खरवडल्या, आणि माझ्याच कमरेच्या हाडाचे तुकडे काढून ती पोकळी ठासून भरली. भिंतीला पडलेलं भोक माती-भुशानं बुजवतात तसंच, असं डॉक्टरांनी बापूंना समजावलं. ते बापूंना इतकं पटलं की पुढं जो भेटेल त्याला ते माझा पाय कसा लिंपला ते सांगत. कित्येक महिने प्लास्टर होतं. निघालं तेव्हा फोटोतली काळी जागा पांढरी झाली होती. हाड पुन्हा मोडलं नाही, आजतागायत नाही.

पण पाय आखूड राहिला. दोनदा मोडून वाकडा जुळलेला, आणि ज्या टोकाला हाड वाढतं तिथंच पोकळी झालेली, त्यामुळे उजवा वाढत गेला आणि डावा मागं पडला. मी चवड्यावर चालायचो. कंबर एका बाजूला कलली. शाळेत पोरं माझ्या मागून त्याच चालीनं चालायची. डॉक्टरांनी आधी जाड तळाचा बूट सुचवला. चिखलात तो बूट दर दहा पावलांना रुतायचा. मग एक दिवस ते बापूंना म्हणाले, "हाड लांब करता येतं. त्रास फार आहे, पण पोरगं वाढतं आहे, हेच वय. नाही तर जन्मभर कंबर दुखेल आणि शेतात उभं राहणं जमणार नाही."

हाड लांब करता येतं. बापूंनी हे वाक्य घरी येऊन सांगितलं तेव्हा वहिनी भाकरी थापत होती. ती म्हणाली, "भाकरीगत?" आणि जीभ चावली.

पद्धत अशी होती. नडगीचं हाड मधोमध कापायचं. कापाच्या वर दोन आणि खाली दोन अशा पोलादी सळ्या पाय आरपार घालायच्या. पायाच्या दोन्ही बाजूंना, पायाच्या लांबीत, एकेक आटे पाडलेला दांडा, आणि त्या दांड्यावर नट. पान्यानं नट फिरवला की खालच्या सळ्या वरच्यांपासून केसभर दूर जातात. रोज केसभर. कापलेल्या जागी जी फट पडते तिच्यात शरीर नवं, मऊ हाड भरत जातं. फार भराभर ओढलं तर नसा ताणतात, हाड भरत नाही. फार सावकाश ओढलं तर हाड मधेच घट्ट जुळून बसतं आणि पुढं हलत नाही. सगळं गणित त्या नटात होतं.

ऑपरेशन शिमग्यानंतर झालं. पावसाआधी सगळं आटपायचं ठरलं होतं, पण एका सळईपाशी पू झाला, इंजेक्शनं सुरू झाली आणि नट फिरवायचं लांबलं. सोबत वहिनी राहिली होती, कारण आई शेताची कामं सोडून येऊ शकत नव्हती. शेवटी नट फिरवायला सुरुवात झाली न झाली तोच पाऊस लागला, आणि सावित्रीचं पाणी महाडच्या गल्ल्यांत शिरू लागलं. दवाखान्याच्या पायऱ्या बुडाल्या. डॉक्टरांनी रोगी माडीवर हलवले, तिथं जागा पुरेना. मला म्हणाले, "तुमची वाडी उंचावर आहे. घरी जा. रस्ता मोकळा असेल तसा मी येत जाईन." मग माझ्या पायाशी उभं राहून त्यांनी वहिनीला पाना दिला. "सकाळी अर्धा फेरा, संध्याकाळी अर्धा. दोन्ही दांड्यांवर सारखा. जातं फिरवतेस ना? त्याच्या उलट."

"उलट?" वहिनीनं विचारलं.

"उलट. नीट लक्षात ठेव. सुलट फिरवलंस तर पाय आखूड होईल."

ट्रकनं पोलादपूरपर्यंत आणि पुढं डोलीतून मला घरी आणलं. पडवीत बाज टाकली होती. वहिनीनं पहिल्या संध्याकाळी पायाशी बसून पाना लावला आणि आई दारात थबकली.

"काय करतेस गो?"

"डाक्टरांनी सांगितलंय, आत्याबाय. असं फिरवायचं."

"उलटं?"

"उलटंच."

आई आत गेली, आणि देव्हाऱ्यापाशी बराच वेळ बसलेली दिसली. जेवताना तिनं बापूंकडे विषय काढला. बापू म्हणाले, डॉक्टरनं हाड लिंपलं ते टिकलं, मग आता त्याचंच ऐकायचं. तेवढ्यावर विषय संपला असं आम्हाला वाटलं.

त्या दिवसांतलं जेवण मला अजून आठवतं. डॉक्टरांनी हाडासाठी दूध, अंडी, मासळी सांगितली होती. बापू भाताच्या खाचरांतून मुठे धरून आणायचे, ते शेतातले काळे खेकडे. वहिनी ते पाट्यावर वाटून, फडक्यातून गाळून त्यांचं आंबट-तिखट सार करायची आणि लोटाभर माझ्यापुढं ठेवायची. "प्या. त्याची हाडं तुमच्या हाडांना." सोबत तांदळाची भाकरी, कधी टाकळ्याची भाजी, कधी भाजलेला बोंबील. गोठ्यातल्या म्हशीचा श्वास भिंतीपलीकडून ऐकू यायचा. दुखणं मात्र वाईट. नट फिरवला की नडगीत कोणी तार पिळावी तसा ताण यायचा, पोटरी दगडासारखी व्हायची, टाच वर ओढली जायची. म्हणून पावलाला फळी बांधलेली होती.

आणि मग रोज सकाळी आई यायची. वहिनी पहाटे नट फिरवून शेण काढायला मागं गोठ्यात गेली की आई पायाशी येऊन बसायची, कनवटीचा पाना काढायची आणि दोन्ही नट सुलट फिरवायची. जेवढे वहिनीनं उलटे फिरवले असतील तेवढेच. दुसरा पाना डॉक्टरांनीच दिला होता, एक हरवला तर असावा म्हणून. संध्याकाळीही तेच. फिरवताना ती पुटपुटायची, माझं नाव घ्यायची, आणि निघताना माझ्या कपाळावरून हात फिरवायची.

तिला पाय आखूड करायचा नव्हता, हे इथं स्पष्ट लिहितो. तिच्या समजुतीनं ती उलट्या फेऱ्याचं अरिष्ट उतरवत होती. वहिनी डॉक्टरांचं काम करते आहे, आपण देवाचं करावं. एकानं दुसरं पुसलं जातं हे तिच्या ध्यानातच आलं नाही. माझ्या मात्र आलं होतं. मी शाळेत जाणारा पोरगा, आट्यानं काय होतं ते मला नीट कळत होतं. पण आईनं नट फिरवला की ती पिळलेली तार सैल व्हायची, पोटरी सुटायची आणि मला झोप लागायची. मी डोळे मिटून पडून राहायचो.

पाऊस ओसरल्यावर डॉक्टर आले. पोलादपूरपर्यंत जीप, तिथून चिखलातून चालत, पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. त्यांनी आधी दांड्यांकडे पाहिलं, मग शिंप्याकडे असते तशी टेप काढून गुडघ्यापासून घोट्यापर्यंत माप घेतलं. पुन्हा घेतलं. मग वहिनीकडे वळले.

"फिरवलं नाहीस."

"रोज फिरवलं, साहेब. दोन्ही वेळा."

"मग हे अंतर गेलं कुठं? महाडहून निघताना होतं तेवढंच आहे. हा दांडा माझ्याशी खोटं बोलेल का?"

बापूंचा चेहरा लाल झाला. "पोराचं वाटोळं करतेस? कंटाळा आला होता तर तोंडानं सांगायचंस." आई चुलीकडे तोंड करून उभी होती. तिला काय वाटत होतं मला ठाऊक नाही. मला काय वाटत होतं ते ठाऊक आहे. सगळे माझ्या बाजेभोवती उभे होते, वहिनी माझ्याकडे पाहत होती, आणि मी एक वाक्य बोललो असतो तर पुरलं असतं. मी पांघरूण हनुवटीपर्यंत ओढलं आणि म्हणालो, "मला झोप लागते. मला काय माहीत."

डॉक्टर जाताना म्हणाले, "आता हाड जुळायला लागेल. पुढचे पंधरा-वीस दिवस नट नीट फिरले तर पाय वाचला. नाही तर इथंच घट्ट बसेल, आणि पुन्हा कापायला मी तयार होणार नाही. पोराला किती वेळा कापायचं?"

दुसऱ्या दिवशी पहाटे वहिनीनं नट फिरवले आणि ती गोठ्यात गेली. आई आली, पायाशी बसली, पाना काढला. वहिनी मात्र त्या दिवशी शेणाची पाटी विसरली होती. ती न्यायला गोठ्याकडच्या दारानं परत आली. ते दार माझ्या उशाच्या बाजूला होतं. मी मान मागं टाकून पाहिलं तर ती दारात उभी, हात चौकटीला, नजर आईच्या हातावर. आईची मान खाली होती. वहिनी आवाज न करता तशीच मागं सरली.

आई गेल्यावर ती आली. चेहऱ्यावर राग नव्हता, कोडं होतं.

"भावजी, आत्याबाय रोज फिरवतात?"

मी भिंतीकडे पाहिलं.

"फिरवेनात का. पण त्या तर उलटंच फिरवतायत, डाक्टरांनी सांगितलं तसं. मी नीट बघितलं. मग पाय दुप्पट वाढायला पायजे."

"उलटं नाय, वैनी. आई सुलट फिरवते."

"मी डोळ्यानं बघितलं."

ती पायाशी गेली, आईच्या जागी बसली, हवेत हात फिरवून पाहिला. मग उठून उशाशी आली, तिथून पाहिलं. मग स्वयंपाकघरातून ताकाची रवी घेऊन आली. रवीचा दांडा माझ्या पायाला समांतर आडवा धरला आणि हळूहळू फिरवू लागली. "इकडनं बघा. कसं फिरतंय?" सुलट फिरत होती. मग तशीच फिरवत तिनं रवीचं दुसरं टोक माझ्याकडे वळवलं. "आता?" रवी तीच, हात तोच, फेरा तोच, पण त्या टोकाकडून पाहिलं तर उलट.

ती मटकन खाली बसली आणि पदर तोंडाला लावून हसू लागली. तिचे खांदे हलत होते. मला वाटलं रडते आहे. मग पदर काढून तिनं माझ्याकडे पाहिलं.

"तुम्हाला ठावं होतं. काल डाक्टर मला बोलत होते तवा ठावं होतं."

"दुखतं, वैनी."

"दुखणारच. वाढतं तेच दुखतं." रवी बाजूला ठेवून म्हणाली, "आता आत्याबायला काय बोलायचं नाय. त्यांना कळलं की आपल्या हातानं पोराचा पाय अडला, तर त्या अन्न सोडतील. कळलं? एक अक्षर नाय."

दुपारी जोराची सर आली. वहिनीनं पडवीचं कौल गळतंय म्हणून आरडाओरडा केला आणि बापूंकडून माझी बाज भिंतीपासून हात-दोन हात पुढं ओढून घेतली. कुठं गळत होतं ते मला दिसलं नाही. मग बाजेच्या कडेला झालेल्या जागेत तिनं माझ्या कमरेशी, बसणाऱ्याचं तोंड पावलांकडे होईल असा, एक पाट मांडला आणि आईपुढं पाना ठेवला.

"आत्याबाय, मला काय जमत नाय हे. डाक्टर बोलले ते खरं. माझ्या हाताला यश नाय. तुम्हीच फिरवा."

आई सावध झाली. "मला उलटं फिरवायला सांगतेस?"

"सुलट फिरवा. तुम्हाला पटंल तसं. मी फिरवून काय झालं ते बघितलंच सगळ्यांनी."

"आनि डाक्टर?"

"डाक्टरला पाय लांब झाल्याशी काम." मग पाट पदरानं पुसत, दुसरीकडे पाहत म्हणाली, "फक्त पायाशी बसू नका. पायाशी कोण बसतं? आईनं लेकराच्या उशाकडनं बसावं."

आईनं तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग पाटावर बसली, पदर खोचला, पाना लावला आणि सुलट फिरवला. माझ्या नडगीत तार अशी पिळली की मी ओरडलो. वहिनीनं पटकन माझा हात धरला आणि दाबला. ते सांत्वन नव्हतं, ताकीद होती.

पुढचे दिवस फार दुखलं, आणि आता सैल करायला कोणी येत नव्हतं. मी आईला शिव्यासुद्धा दिल्या. ती रडायची आणि नट फिरवायची. सुलट फिरवते आहे या एका भरवशावर तिचा हात कधी थरथरला नाही. इतक्या निश्चिंत हातानं तो नट वहिनीलाही फिरवता आला नसता, हे मला आज कळतं. बाजेवरून मी वरच्या आणि खालच्या सळ्यांमधली जागा पाहायचो. ती वाढत होती. एक दिवस फळीला बांधलेली माझी डावी टाच उजव्या घोट्याच्या पुढं गेलेली दिसली, आणि मी पहिल्यांदा स्वतःहून म्हणालो, "आई, संध्याकाळचा राहिलाय."

डॉक्टर पुन्हा आले. टेप लावली, आणि त्यांचा चेहराच उजळला. "वा! अगदी हवं तेवढं. कुणी फिरवलं?"

"मी," आई म्हणाली.

"बाई, तुमच्या हाताला यश आहे. सुनेला जमलं नाही ते तुम्ही केलंत."

"मी सुलट फिरवलं म्हणून झालं," आई म्हणाली.

डॉक्टरांचा टेप गुंडाळणारा हात थांबला. "सुलट? दाखवा बघू."

आई पाटावर बसली आणि दाखवलं. डॉक्टर पायाशी उभे होते. त्यांनी नट पाहिला, मग पाट पाहिला, मग माझी भिंतीपासून सुटलेली बाज पाहिली. शेवटी चुलीपाशी उभ्या वहिनीकडे पाहिलं.

"बरोबर आहे," ते आईला म्हणाले. "असंच चालू ठेवा." निघताना ओटीवर वहिनीनं पायांवर पाणी घातलं तेव्हा त्यांनी हळूच विचारलं, "पाटाची जागा कुणी ठरवली?"

"दुसरी जागाच कुठं हाय, साहेब, एवढ्याशा पडवीत," वहिनी म्हणाली.

ते हसले आणि गेले. त्यांनी हे कुणाला सांगितलं नाही. गणपतीला दादा आला तेव्हा घरभर एकच गोष्ट होती, आईच्या हातानं पाय वाढला. दादा वहिनीला सगळ्यांसमोर म्हणाला, "साधा पाना फिरवता येत नाय तुला, मुंबईत खोली काय सांभाळणार?" त्या वर्षी तो तिला मुंबईला नेणार होता. त्यानं नेलं नाही. ती पुढं चार वर्षं वाडीतच राहिली. मी तेव्हा समोर बसून मोदक खात होतो.

आई असेपर्यंत बोलायचं नाही, हे वहिनीनं सांगितलं होतं. पण आई जाऊन चाळीस वर्षं झाली, दादाला जाऊनही वीस झाली. त्यानंतर माझं तोंड कुणी धरलं होतं? खरं सांगायचं तर वहिनीचं श्रेय द्यायला गेलो की पांघरूण ओढून पडलेला मीही त्यात येतो, आणि तो मला नको होता. गेल्या वर्षी शाळेनं माझा सत्कार केला. मी तीच जुनी गोष्ट सांगितली, टाळ्या झाल्या, आणि पहिल्या रांगेत बसलेली वहिनीही टाळ्या वाजवत होती. दुसऱ्या दिवशी मी तिच्याकडे गेलो. ती अंगणात वालाच्या शेंगा सोलत होती. मी म्हणालो, मी हे सगळं लिहिणार आहे, माझ्यासकट.

"लिवा की," ती म्हणाली. "पन आत्याबायला खाली नका पाडू. हात त्यांचाच होता." दोन-तीन शेंगा सोलून झाल्यावर म्हणाली, "आनि तुमच्या दादांचं ते बोलणं लिवा. ते लिवाच."

लिहिलं. माझी डावी नडगी उजवीएवढी झाली ती तारा वहिनीच्या डोक्यामुळे. हात आईचा होता, सुरी डॉक्टरांची होती, आणि मी फक्त लांब झालो.

आता तो दिवस लिहायचा राहिला. हाड भरून घट्ट झालं, सळ्या निघाल्या, प्लास्टर आलं आणि गेलं. दवाखान्यातून काठी घेऊन मी निघालो, सोबत आई आणि वहिनी. एसटी रस्त्यावर थांबली तेव्हा वाडीतली माणसं खाली उतरून आली होती, कारण हाड लांब केलेला माणूस कुणी पाहिलेला नव्हता. एका म्हाताऱ्यानं माझे दोन्ही गुडघे चाचपून पाहिले आणि म्हणाला, "आयला, सारखं हाय." आई पुढं चालत होती आणि जो भेटेल त्याला फेऱ्याची गोष्ट सांगत होती, आवाज चढलेला, पदर वाऱ्यावर. इतकी आनंदात मी तिला त्याआधी पाहिली नव्हती, आणि नंतरही नाही. वहिनी बोचकं डोक्यावर घेऊन मागून. चढणीच्या आधी ओढा लागतो, त्यावर तेव्हा दोन ओंडक्यांचा साकव होता. माणसं एकेक करून पलीकडे गेली. मी काठी एका पोराकडे दिली आणि साकवावर पाय ठेवला. डावा, मग उजवा. कंबर कलली नाही. टाच टेकत होती. लाकडाचा थंडपणा मला डाव्या टाचेला लागला, आणि तो मी विसरूनच गेलो होतो. मध्यावर आल्यावर मागं पाहिलं. वहिनी बोचकं एका हातानं सावरून, दुसरा हात माझ्या पाठीमागं वीतभर अंतरावर धरून चालत होती, मी पडलो तर असावा म्हणून.

"सोडा वैनी," मी म्हणालो. "मी चालतोय."

"मी कुठं धरलंय," ती म्हणाली.